केंद्र तर आलं, पण गावाच्या पदरात काय पडलं?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय पक्षाचा नाही, पोटाचा आहे.

एखाद्या तालुक्याला सरकारी प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. चौकात बॅनर लागतं. मधोमध मोठे साहेब, बाजूला धाकटे साहेब, खाली तीस-चाळीस पासपोर्ट साइज चेहरे. 'शब्द दिला, शब्द पाळला.' मग गुलाल, फटाके, पेढे. आठ दिवसांत रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव वाढतात आणि पानटपरीवर एकजण दुसऱ्याला सांगतो, "आता बघ, आपलं गाव कुठल्या कुठं जातंय." आणि पंधरा वर्षांनी त्याच टपरीवर कोणीतरी विचारतं, "काय रे, केंद्रानं आपल्याला दिलं काय?" तेव्हा सगळे गप्प.

मला ही गप्प बसायची वेळ टाळायची आहे. म्हणून आपल्या घरापासून, म्हणजे चाकूरपासून सुरुवात करतो.

शिवराज पाटील चाकूरकर १९८० ते १९९९ या काळात लातूरमधून सलग सात वेळा लोकसभेवर गेले. २००४ला आपण त्यांना पाडलं. पाडलं तरी ते राज्यसभेतून देशाचे गृहमंत्री झाले आणि नोव्हेंबर २००८पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. त्यांच्याबद्दल कोणाचं मत काहीही असो, पण लातूरला सीआरपीएफचं आणि चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र आलं ते त्यांच्यामुळे, हे विरोधकसुद्धा मान्य करतात. सीमा कुठे आणि चाकूर कुठे! पण सीमेवर जाणारी पोरं आपल्या शिवारात घडतात, याचा अभिमान मलाही आहे. तो असावाच.

पण अभिमानानं मोंढ्यातली उधारी फिटत नाही. म्हणून अभिमान बाजूला ठेवून थोडा हिशेब करू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. प्रशिक्षण केंद्र म्हणजे भरती केंद्र नाही. मला आजही लोक विचारतात, "भाऊ, केंद्र आपल्या तालुक्यात आहे, मग आपल्या लेकरांना काही कोटा?" नाही. कसलाच कोटा नाही. कॉन्स्टेबलची भरती स्टाफ सिलेक्शन कमिशन देशभर करतं आणि निवड झालेली पोरं देशभरातून प्रशिक्षणाला येतात. ज्या गावात केंद्र आहे, तिथल्या पोराला त्याचे जादा मार्क मिळत नाहीत. नेत्यांना हे माहीत असतं. तरी बॅनरवर 'हजारो तरुणांना रोजगार' छापलं जातं, कारण छापायला काय जातंय?

दुसरी गोष्ट. केंद्र म्हणजे कारखानाही नाही. साखर कारखाना आला की ऊस लागतो, ट्रॅक्टर लागतात, ऊसतोड टोळ्या लागतात, गॅरेज निघतं, हॉटेल निघतं. कारखान्याचं तोंड शेताकडे असतं. प्रशिक्षण केंद्राचं तोंड दिल्लीकडे असतं. गणवेश वरून येतो, शस्त्रं वरून येतात, मोठ्या खरेदीचे निर्णयही वरून होतात. आतमध्ये राहायची सोय असते, मेस असते, कॅन्टीन असतं, दवाखाना असतो. नव्या जवानाला मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं, पण तो पैसा चाकूरच्या बाजारात पडत नाही. तो बिहारच्या, राजस्थानच्या, ओडिशाच्या घरी जातो, आणि जायलाच पाहिजे. आपला पोरगा आसामात ट्रेनिंगला असता तर त्यानंही पैसे घरीच पाठवले असते.

जुन्या छावण्यांची गोष्ट वेगळी होती. कामठी बघा, देवळाली बघा, नगरचं भिंगार बघा. इंग्रजांनी फौज वसवली तेव्हा तिच्यासोबत बाजारही वसवला. शिंपी, चांभार, धोबी, बेकरीवाला, किराणावाला हे सगळे छावणीच्या नकाशातच होते. म्हणून फौज आली आणि तिच्यासोबत गावही वाढलं. आताच्या केंद्राच्या नकाशात बाजार नसतो. असते ती भिंत. सुरक्षेसाठी ती लागते, मान्य. पण भिंतीच्या आत माल घेऊन जायचं दार कुठे आहे, हे गावानं स्वतः शोधावं लागतं. कोणी आमंत्रण घेऊन येत नाही.

आता खरं बोलायचं तर काहीच मिळालं नाही असंही नाही. केंद्रासोबत केंद्रीय विद्यालय आलं. ही छोटी गोष्ट नाही. तालुक्याच्या ठिकाणी केंद्रीय विद्यालय असणं म्हणजे काय, हे पोराला शिकवायला लातूरला खोली करून राहणाऱ्या आई-बापाला विचारा. पहिलं प्राधान्य केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना असतं, पण पहिलीच्या २५ टक्के जागा शिक्षण हक्क कायद्याखाली असतात आणि त्या भिंतीबाहेरच्या लेकरांसाठी आहेत. याशिवाय अधिकारी-कर्मचारी कुटुंबांसह राहतात, त्यांच्या गाड्या, किराणा, कपडालत्ता याचा काही भाग बाजारात येतो. हे सगळं खरं आहे. माझा मुद्दा एवढाच की हे आपोआप मिळालेलं आहे. जे मागून, भांडून, तयारी करून मिळतं, त्याचं काय?

तेच चार मुद्द्यांत मांडतो.

पहिला मुद्दा खरेदीचा. समजा एखाद्या केंद्रात हजार माणसं जेवतात. हे चाकूरचं नाही, हिशेबाला सोपं म्हणून घेतलेलं उदाहरण आहे. माणशी अर्धा लिटर दूध धरलं तर रोज ५०० लिटर. दोन अंडी धरली तर रोज २,००० अंडी. पावशेर भाजी धरली तर रोज अडीच क्विंटल. डाळ वेगळी. आणि डाळीचं म्हणाल तर आपण लातूरवाले आहोत राव! तुरीच्या डाळीसाठी अख्खा देश लातूरचं नाव घेतो आणि आपल्याच दाराशी असलेल्या मेसला डाळ कोण पुरवतो, हे आपल्याला माहीत नसावं?

केंद्र सरकारच्या खात्यांना एक नियम आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून वर्षाला किमान २५ टक्के खरेदी करायची. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. हे धोरण २०१२पासून आहे, आधी २० टक्के होतं, २०१८ला २५ टक्के झालं. अशा उद्योगांना टेंडरची अनामत रक्कम माफ असते. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे. एजंटला दोन हजार रुपये देऊ नका. खरेदीचा बराचसा व्यवहार 'जेम' नावाच्या सरकारी पोर्टलवर होतो, तिथेही नोंदणी करता येते.

मात्र एक अट लक्षात ठेवा. इकडून माल घेऊन तिकडे विकणाऱ्याला ही सवलत नाही. स्वतः माल तयार करणारा किंवा सेवा देणारा पाहिजे. म्हणजे डाळमिल चालते, मसाला कांडप चालतं, शिलाई युनिट चालतं, लॉन्ड्री चालते. बचत गटाच्या बायका हे करू शकत नाहीत का? करू शकतात. पण त्यांना लोणचं-पापडाच्या प्रदर्शनात उभं करून फोटो काढण्यापलीकडे आपण त्यांचा विचारच करत नाही. एका बचत गटाला टेंडरचा फॉर्म भरून देणं, पहिल्या बिलाचे पैसे येईपर्यंत बँकेकडून खेळतं भांडवल मिळवून देणं, हे काम कोणा गुत्तेदाराचं नाही. ते लोकप्रतिनिधीचं आहे.

दुसरा मुद्दा कराचा, आणि हा फार कमी लोकांना माहीत आहे. संविधानाच्या कलम २८५नुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला मालमत्ता कर लावता येत नाही. आपला नगरसेवक इथेच थांबतो, "केंद्राचं आहे, आपल्याला काही मिळत नाही." पण गोष्ट इथे संपत नाही. कर नाही, पण सेवा शुल्क घेता येतं. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ला सर्वोच्च न्यायालयासमोर हे ठरलं आणि केंद्रानं तसं परिपत्रकही काढलं. स्थानिक संस्था सगळ्या सेवा देत असेल तर जो मालमत्ता कर झाला असता त्याच्या ७५ टक्के, काही सेवा देत असेल तर ५० टक्के आणि एकही सेवा थेट देत नसेल तरी ३३.३३ टक्के.

हिशेब करा. एखाद्या केंद्राचा कर ३० लाख झाला असता असं धरलं, तर काहीच न देता दहा लाख, थोड्या सेवा दिल्या तर पंधरा लाख आणि पूर्ण सेवा दिल्या तर साडेबावीस लाख दर वर्षाला. छोट्या नगरपंचायतीला, ग्रामपंचायतीला ही रक्कम म्हणजे काय, हे गटारीच्या कामासाठी मुंबईला खेटे घालणाऱ्यांना विचारा. त्यासाठी मालमत्तेची रीतसर मोजणी, आकारणी करून करार करावा लागतो. ज्यांच्या ज्यांच्या हद्दीत केंद्राची, रेल्वेची, टपाल खात्याची मालमत्ता आहे, त्या सगळ्यांनी आपापल्या कार्यालयात हा एकच प्रश्न विचारावा: सेवा शुल्काचा करार झालाय का? झाला असेल तर उत्तम, आकडा जाहीर करा. झाला नसेल तर का नाही, ते सांगा.

इथे एक खबरदारी सांगतो. माहिती अधिकाराचा अर्ज बीएसएफकडे टाकून उपयोग नाही. भ्रष्टाचार आणि मानवी हक्काचे विषय सोडले तर या दलांना त्या कायद्यातून सूट आहे. पण नगरपंचायतीला, ग्रामपंचायतीला सूट नाही. अर्ज तिथे टाका.

तिसरा मुद्दा पाण्याचा. हा लातूर जिल्हा आहे मंडळी. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा स्टेशनवर गर्दी करून ती गाडी बघणारे आपणच होतो. पहिल्या फेरीला पाच लाख लिटर आणलं होतं. शहरी निकषानं माणशी रोज १३५ लिटर धरलं तर हजार माणसांच्या केंद्राला रोज १ लाख ३५ हजार लिटर लागतं. म्हणजे ती पहिली फेरी चार दिवसही पुरली नसती. नवीन केंद्र मागताना पाणी कुठून येणार, हे कोणत्या बॅनरवर लिहिलेलं असतं? केंद्राला पाणी द्यायलाच हवं, ती आपलीच पोरं आहेत. पण त्याच पाइपलाइनवर गावाचाही वाटा लिहून घ्या. मैलापाणी शुद्ध करून आजूबाजूच्या शेतीला द्यायची अट घाला. हे मंजुरीच्या आधी होतं. नंतर फक्त निवेदनं होतात.

चौथा मुद्दा पोरांचा. कोटा नाही हे वर सांगितलं, पण संधी आहे. १ जानेवारी २०२४पासून निमलष्करी दलांची कॉन्स्टेबल परीक्षा हिंदी-इंग्रजीसोबत तेरा प्रादेशिक भाषांत होते आणि त्यात मराठी आहे. म्हणजे पेपर कळला नाही म्हणून मागे पडायचं कारण राहिलं नाही. मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, मुलींना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. आपली पोरं पहाटे हायवेच्या कडेनं पळतात, ट्रकच्या लाइटमध्ये. मला ते बघून धडकी भरते. सीमेवर जायच्या आधीच एखादं लेकरू आपल्याच रस्त्यावर जायचं. तालुक्याला चारशे मीटरचा एक साधा मातीचा ट्रॅक, त्यावर चार दिवे आणि एक अभ्यासिका, एवढं करायला दिल्लीची मंजुरी लागत नाही. दलातून निवृत्त झालेले जवान आपल्या गावागावात आहेत. त्यांना मानधन देऊन सकाळी दोन तास बोलवा. केंद्र शेजारी असल्याचा खरा फायदा हा असेल की पोरांना आपल्या डोळ्यांसमोर काय व्हायचंय ते दिसेल. नुसती भिंत दिसून काय होणार?

एक उदाहरण बाहेरचं देतो, कारण हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ब्रुन्सविक नावाचं छोटं शहर आहे. त्याच्याजवळ ग्लिन्को नावाचा नौदलाचा हवाई तळ होता. १९७४ला तो बंद झाला. गावाचा मोठा आधार गेला. त्याच वेळी तिथल्या केंद्र सरकारला आपल्या पोलिसी खात्यांसाठी एकत्रित प्रशिक्षण केंद्र हवं होतं. राजधानीजवळ मेरीलँडमध्ये ठरवलेली जागा विरोधामुळे आणि खर्चामुळे अडली होती. ग्लिन्कोला इमारती तयार, धावपट्टी तयार, जमीन तयार. १९७५ला केंद्र तिथे आलं आणि आजही तिथेच मुख्यालय आहे.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, केंद्र ज्याची तयारी असते त्याच्याकडे जातं. नुसती निवेदनं देणाऱ्याकडे गेलंच तर नशिबानं. दुसरी, ते केंद्र पन्नास वर्षं टिकलं, कारण एका मंत्र्याच्या मर्जीपेक्षा जागेची सोय मोठी होती. आपल्याकडे उलटं असतं. मंत्री आहे तोवर केंद्र, मंत्री गेला की फाइल थंड. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावसाठी ठरलेलं राज्य राखीव पोलीस दलाचं केंद्र जामखेडच्या कुसडगावला गेलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? 'पळवलं, पळवलं' म्हणून एक जिल्हा रडला, दुसऱ्यानं गुलाल उधळला. मला दोन्ही गावांबद्दल आपुलकीच आहे. पण त्या सगळ्या भांडणात केंद्र आल्यावर गावाला नेमकं काय मिळणार, यावर चर्चा किती झाली? केंद्र म्हणजे जणू कुस्तीची गदा. जिंकली, मिरवली, खुंटीला टांगली.

आपल्याच लातूरचा रेल्वे डबे कारखाना घ्या. मार्च २०१८ला भूमिपूजन, डिसेंबर २०२०ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार. दोन्ही वेळा पेपरात पानभर जाहिराती. पण आयटीआयच्या किती पोरांना त्या कामाचं वेल्डिंग शिकवलं, किती स्थानिक वर्कशॉप पुरवठादार झाले, हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण 'नकारात्मक' म्हणतो. मला कोणी नकारात्मक म्हटलं तर चालेल. हिशेब विचारणं हा माझ्या लेखी विकासावरचा विश्वास आहे. ज्याला काही मिळेल अशी आशाच नसते, तो विचारतही नाही.

काहीजण म्हणतील, "अरे, आधी येऊ तर दे, मग बघू." हाच तो सापळा आहे. येण्याआधी तुमच्या हातात काहीतरी असतं: जमीन, गायरान, ग्रामसभेचा ठराव. आल्यावर तुमच्या हातात फक्त भिंतीकडे बघणं उरतं. ज्या गावाचं गायरान अशा कामाला जातं, तिथल्या शेळ्या-मेंढ्यावाल्यांना कोणी विचारतं का? जमीन द्या, मन मोठं करून द्या, देशाचं काम आहे. पण ठरावात चार ओळी लिहून द्या. सेवा शुल्काचा करार किती दिवसांत होणार. पाण्यात गावाचा वाटा किती. ताज्या मालाच्या पुरवठ्याची माहिती स्थानिकांना कुठे आणि किती दिवस आधी मिळणार. दीक्षांत संचलनाला देशभरातून जे आई-बाप येतात, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गावात व्हावी म्हणून तारखा आधी कळवणार का.

हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. हजार-दीड हजार किलोमीटरवरून लेकराला वर्दीत बघायला आलेली माय लातूर रोड स्टेशनवर उतरते तेव्हा तिला स्वच्छ खोली, गरम भाकरी आणि न लुबाडणारा रिक्षावाला मिळाला, तर ती आपल्या गावाचं नाव आयुष्यभर काढेल. दोन खोल्या जास्तीच्या असलेल्या घरांना त्यातून चार पैसे मिळतील. यासाठी कोणत्या मंत्र्याची गरज आहे?

तेव्हा एक काम करा. आपापल्या नगरपंचायतीत, ग्रामपंचायतीत सेवा शुल्काबद्दल लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. उद्यम नोंदणी कशी करायची, यासाठी कोणाला मदत हवी असेल तर खाली कमेंट करा, आपल्यातले जाणकार सांगतील. तुमच्या गावात डाळमिल, शिलाई, लॉन्ड्री, दूध संकलन करणारे कोण आहेत, त्यांना या पोस्टमध्ये टॅग करा. आणि पुढच्या वेळी कोणी नवीन केंद्राचं बॅनर लावलं तर खुशाल पेढा खा. फक्त पेढा खाताना विचारा, "साहेब, ठरावात काय लिहिलंय?"

पोस्ट पटली तर शेअर करा. पटली नाही तर कुठे पटली नाही ते लिहा. शिव्या नकोत, आकडे चालतील.